सहा मिनिटांचा पेपर आणि बावीस महिने

मागच्या पंधरा दिवसांत दोन वेगवेगळ्या ज्युनियर्सनी मला रात्री अकरानंतर एकच मेसेज टाकला, "मॅडम, कॉन्फरन्सला पेपर द्यायचाय, सुरुवात कुठून करू?" दोघांना उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला, तेव्हा म्हटलं एकदाच सगळं लिहून काढू. मी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजातून एमएस ऑर्थो, म्हणजे हाडांच्या सर्जरीचं पीजी केलं, २०२२ ची बॅच. कॉलेजचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे आणि त्या लोकांशी माझं अजून बरं चाललंय.

नोव्हेंबर २०२२ ला जॉइन झाले तेव्हा डिपार्टमेंटच्या नोटिस बोर्डावर छान लॅमिनेट केलेलं टाइमटेबल होतं. रोज सकाळी आठला एक्स-रे मीटिंग, सोमवारी सेमिनार, बुधवारी केस प्रेझेंटेशन, शुक्रवारी जर्नल क्लब, म्हणजे छापून आलेला एखादा पेपर सगळ्यांसमोर मांडायचा. मी डोंबिवलीची, त्यामुळे टाइमटेबल आणि प्रत्यक्ष गाडी यातला फरक मला लहानपणापासून माहीत आहे, तरी पहिल्या आठवड्यात मी त्या कागदाचा फोटो काढून आईला पाठवला होता की बघ किती व्यवस्थित शिकवतात इथे. पुढचे दोन महिने मी काय शिकले तर प्लास्टर भिजवायचं पाणी कोमट हवं, ब्लड बँकेतल्या खिडकीवर कुणाशी गोड बोलायचं, आणि सेमिनारला भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपता येतं. ओटी (ऑपरेशन थिएटर) लांबली की बुधवारची केस रद्द, सर (आमचे एचओडी, म्हणजे विभागप्रमुख) बाहेरगावी गेले की सोमवार रद्द. एक्स-रे मीटिंग मात्र कधीच रद्द व्हायची नाही, कारण आदल्या रात्रीच्या इमर्जन्सीचं काय करायचं हे तिथेच ठरायचं.

त्या मीटिंगमध्ये जेआर वनने, म्हणजे पहिल्या वर्षाच्या ज्युनियर रेसिडेंटने, एक्स-रेची प्लेट लावायची आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. आमच्या सरांचा नियम असा की फ्रॅक्चरचं नाव शेवटी घ्यायचं. आधी कुठला व्ह्यू, कुठली बाजू, वरचा आणि खालचा सांधा प्लेटमध्ये आलाय का, मग हाड कुठे मोडलंय, तुकडा कुठल्या दिशेला सरकलाय, आणि मग नाव. घाईत कुणी "सर, इंटरट्रोक" म्हटलं की सर नुसते "बरं" म्हणायचे आणि त्या "बरं"नंतर पुढची दहा मिनिटं त्या माणसाचं काही खरं नसायचं. पुढे परीक्षेत एक्स-रे टेबलवर मला जे काही सुचलं ते याच सवयीमुळे.

(मुलगी असून ऑर्थो का घेतलं हा प्रश्न मला तीन वर्षांत किती जणांनी विचारला ते मोजलं नाही. पेशंट शेवटपर्यंत सिस्टरच म्हणायचे, म्हणू दे. एक्स-रेपासून वाचवणारा लेड एप्रन मात्र खरंच जड असतो, तो मुलांनाही जडच असतो.)

माझा पहिला जर्नल क्लब २० जानेवारी २०२३ ला, शुक्रवारी. पेपर सरांनीच दिला होता, बॉमगार्टनर यांचा १९९५ चा, टिप-एपेक्स डिस्टन्सवरचा. ऑर्थोवाले सोडून कुणी वाचत असेल तर थोडक्यात सांगते. म्हाताऱ्या माणसांचं खुब्याजवळ हाड मोडतं, तिथे आपण डायनॅमिक हिप स्क्रू म्हणजे डीएचएस टाकतो. हाड ठिसूळ असलं की कधी कधी तो स्क्रू मांडीच्या हाडाचं डोकं फाडून वर बाहेर येतो, त्याला कट-आउट म्हणतात आणि ते झालं की पेशंटचे हाल होतात. त्या पेपरात १९८ फ्रॅक्चर्स बघितली होती. स्क्रूचं टोक आणि डोक्याचा सगळ्यात वरचा बिंदू यातलं अंतर समोरून आणि बाजूने अशा दोन्ही एक्स-रेवर मोजायचं आणि बेरीज करायची. ज्या १२० स्क्रूंमध्ये ही बेरीज २५ मिलिमीटर किंवा कमी होती त्यातला एकही कट-आउट झाला नाही. एवढं सोपं आणि एवढं उपयोगी, मी रात्री दोन वाजेपर्यंत बसून वीस स्लाइड केल्या, रंगीत बाण टाकले.

चौथ्या स्लाइडवर सरांनी थांबवलं. "हा मिलिमीटर कुठला?"

मला प्रश्नच कळला नाही. सर म्हणाले, "अगं, एक्स-रेवर माणूस खऱ्यापेक्षा मोठा दिसतो ना? मग प्लेटवरचे पंचवीस म्हणजे हाडातले पंचवीस का?" उत्तर पेपरमध्येच होतं, मेथड्सच्या भागात, जो मी वाचला नव्हता. निकाल आणि कन्क्लुजन वाचून स्लाइड केल्या होत्या. स्क्रूचा खरा व्यास आपल्याला माहीत असतो, प्लेटवर तोच व्यास मोजायचा, त्यावरून प्लेट किती पट मोठी झाली ते काढायचं आणि अंतराला तेवढ्याने भागायचं. सर चिडले नाहीत, फक्त म्हणाले पुढच्या शुक्रवारी हाच पेपर परत. बाकीचे जेआर हसले, कारण त्यांचा नंबर एक आठवडा पुढे ढकलला गेला. जर्नल क्लब कुणाच्या वाट्याला आला असेल तर माझं ऐका, मेथड्स आधी वाचा, अगदी कंटाळा आला तरी.

दुसऱ्यांदा तोच पेपर वाचताना डोक्यात आलं की आपल्याकडे तर डीएचएस भरपूर होतात, आपले किती येतात पंचवीसच्या आत? त्यातून थिसिसचा विषय ठरला. सीनियर म्हणाले काहीतरी नवीन घे, प्लेटलेट रिच प्लाझ्मा घे, हे काय जुनंपानं. सर म्हणाले जुनंपानं असू दे, पेशंट मिळतील आणि तुला मोजता येईल असं घे. आता मागे वळून बघते तर माझ्या बॅचचे जे दोघं रडकुंडीला आले त्या दोघांचेही विषय फार नवीन होते आणि पेशंट मिळत नव्हते.

मग सुरू झाला कागदांचा प्रवास. सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, सहा महिन्यांच्या आत विद्यापीठाला जायला हवी, म्हणजे माझ्या हिशेबाने एप्रिलअखेर. त्याआधी कॉलेजच्या एथिक्स कमिटीची मंजुरी, आणि कमिटी काही रोज बसत नाही. फेब्रुवारीची मीटिंग माझी चुकली कारण अर्ज पंधरा दिवस आधी द्यायचा असतो हे मला तेरा दिवस आधी कळलं. मार्चच्या मीटिंगला गेले, चौदा प्रती, स्पायरल बाइंडिंग, झेरॉक्सवाल्याचे अकराशे साठ रुपये.

कमिटीत डॉक्टरांशिवाय एक वकील आणि एक सामान्य नागरिक असे सदस्यही असतात. मी सँपल साइजची तयारी करून गेले होते आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. पांढऱ्या साडीतल्या एका बाईंनी माझा मराठी कन्सेंट फॉर्म पुढे केला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, "आपल्या ऊर्वस्थीच्या अस्थिभंगाच्या स्थिरीकरणानंतर क्ष-किरण प्रतिमांचे मापन केले जाईल." बाई म्हणाल्या, "हे तुम्ही मला मराठीत सांगाल का?" सगळे हसले, मी पण हसले, पण घाम फुटला होता. त्या म्हणाल्या, "तुमच्या वॉर्डात असता तेव्हा आजीबाईंना काय सांगता?" मी म्हटलं, सांगते की खुब्याजवळ हाड मोडलंय, त्यात स्क्रू टाकलाय, तो नीट बसलाय का ते फोटोवर मोजणार. "मग तेच लिहा की." ते बदलून, हिंदी फॉर्मही तसाच सोपा करून परत दिला आणि ११ एप्रिलला मंजुरीचं पत्र हातात आलं. फॉर्म लिहून झाला की वॉर्डातल्या मावशींना वाचायला द्या. त्या जिथे अडखळतील तिथे कमिटी पण अडखळणार.

अजून एक, कुणाचा थिसिस इंटरव्हेन्शनल असेल, म्हणजे तुम्ही स्वतः पेशंटला काही वेगळं देणार असाल, तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, इंडिया) नोंदणी व्हायला हवी, नंतर करतो म्हणून चालत नाही. माझा नुसता मोजण्याचा होता त्यामुळे मी सुटले.

मे २०२३ पासून पेशंट घ्यायला लागले. एकूण ४३ झाले. हा सगळा काळ सांगण्यासारखा नाही, ड्युटी, ऑपरेशन, वहीत नोंद, परत ड्युटी. मधल्या काळात रिसर्चचा तो ऑनलाइन कोर्स उरकला, चेन्नईच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एपिडेमिऑलॉजीचा. लेक्चर्स फुकट आहेत, परीक्षेचे मी हजार रुपये भरले. पोस्ट-ड्युटी बसून लेक्चर लावू नका, मी एक लेक्चर तीन वेळा पाहिलं आणि तिन्ही वेळा त्याच मिनिटाला झोपले.

फॉलो-अप हे मात्र खरं दुखणं. आमचे निम्मे पेशंट टाके काढले की गावी जातात, कुणी कोकणात, कुणी थेट आझमगडला. मी डिस्चार्जच्या दिवशी दोन नंबर घ्यायची, एक पेशंटचा आणि एक घरातल्या सगळ्यात लहान माणसाचा, कारण नातवंडांचा फोन लागतो. दापोलीकडच्या एक आजी होत्या, त्यांच्या नातवाने सहाव्या महिन्याचा एक्स-रे तालुक्याला काढून मला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. प्लेट खिडकीच्या गजांना धरून काढलेला फोटो, आजींच्या खुब्याच्या आरपार माड दिसत होता. त्यावर मोजणार काय, पण हाड जुळलंय आणि स्क्रू जागेवर आहे एवढं दिसत होतं, आणि मागून आजी "चालतंय म्हणावं" असं ओरडत असल्याची व्हॉइस नोट. शेवटी सहा महिन्यांपर्यंत ४३ पैकी ३४ मिळाले. त्यात दोघांचं कट-आउट झालं होतं. एकाचं अंतर ३४ होतं, ते समजण्यासारखं. दुसरा केस नंबर १७, त्याचं २२. त्याचा उल्लेख पुढे येईलच.

फेब्रुवारी ते एप्रिल २०२४ माझी डीआरपी होती, म्हणजे तीन महिने जिल्हा रुग्णालयात, मला रायगड जिल्हा आला. तिथे एकच ऑर्थोपेडिक सर्जन, सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना स्क्रीनवर एक्स-रे दाखवणारं मशीन) एकच, पण शांतता होती आणि रात्री जेवायला वेळ मिळायचा. तिथेच बसून पहिला अॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे कॉन्फरन्सला पाठवायचा पेपरचा सारांश, लिहिला. अडीचशे शब्दांत दीड वर्ष बसवायचं. पाठवला मार्चमध्ये, मेमध्ये मेल आली की पोडियमसाठी, म्हणजे मंचावरून बोलायला, निवड झाली नाही, पोस्टर करू शकता. मला फार लागलं ते. दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सरांना अॅबस्ट्रॅक्ट दाखवला तर सर म्हणाले, "यात तू शेवटी काय सांगतेयस तेच कळत नाही, सगळं पार्श्वभूमीवर घालवलंस." खरंच, अडीचशेपैकी नव्वद शब्द खुब्याची फ्रॅक्चर्स किती महत्त्वाची आहेत यावर होते, जे वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. पार्श्वभूमीची एक ओळ ठेवली, आकडे वर आणले. ऑगस्टमध्ये दुसऱ्या कॉन्फरन्सला पाठवला, २८ सप्टेंबरला होकार आला. सहा मिनिटं बोलायचं, दोन मिनिटं प्रश्न.

इथे नियमांबद्दल एक सांगून ठेवते. परीक्षेला बसण्यासाठी पेपर, पोस्टर, छापलेला लेख यातलं नक्की काय काय लागतं हे नियम बदलत आलेत. सीनियर तुम्हाला त्यांच्या बॅचचं सांगतो आणि तुम्ही त्यावर विसंबता. तसं करू नका, पीजी सेक्शनमध्ये जाऊन आपल्या बॅचला लागू असलेलं सर्क्युलर बघा, फोटो काढून ठेवा. आणि मुंबईत असाल तर एक सोय आहे, बॉम्बे ऑर्थोपेडिक सोसायटीची वायरॉक ही कॉन्फरन्स दरवर्षी आपल्या दारात होते, प्रवास आणि हॉटेलचा खर्च वाचतो. निदान पहिल्या वर्षी नुसतं ऐकायला जा, फ्री पेपरच्या, म्हणजे आपल्यासारख्यांनी पाठवलेल्या पेपरच्या, हॉलमध्ये बसा. बाकी सगळे मोठ्या हॉलमध्ये परदेशी फॅकल्टीला ऐकायला जातात, पण आपल्याला उद्या जे करायचंय ते छोट्या हॉलमध्ये चाललेलं असतं.

माझा खर्च असा झाला. रजिस्ट्रेशन पीजी रेटने पाच हजार आणि जीएसटी धरून ५,९०० रुपये, त्यासाठी एचओडींचं बोनाफाइड लेटर लागतं. मी ते लेटर उशिरा अपलोड केलं म्हणून अर्ली बर्डची तारीख गेली असती, अर्ध्या तासाने वाचले. स्टॅटिस्टिशियनचे चार हजार. नवीन शूज अठराशे, जे एवढे चावले की परतीच्या लोकलमध्ये मी ते काढून मांडीवर घेऊन बसले होते.

कॉन्फरन्सच्या दहा दिवस आधी डिपार्टमेंटमध्ये मॉक, म्हणजे रंगीत तालीम, झालं. सगळं नीट चाललं होतं, आणि सरांनी माझी एक्सेल शीट उघडायला लावली. मी मॅग्निफिकेशन, म्हणजे प्लेटवर किती पट मोठं दिसतं ते, करेक्ट केलं होतं, अभिमानाने सांगितलंही. सर म्हणाले, "समोरच्या प्लेटवरचा स्क्रूचा व्यास दाखव. आता बाजूच्या प्लेटवरचा दाखव." बाजूच्या प्लेटचा कॉलमच नव्हता. मी समोरच्या प्लेटवरून काढलेला आकडा दोन्हीकडे वापरला होता. पण बाजूने एक्स-रे काढताना पाय वेगळ्या उंचीवर असतो, प्लेट वेगळी छापली जाते, दोन्हीचं मॅग्निफिकेशन सारखं कसं असेल? उदाहरणच देते. डीएचएसच्या स्क्रूचा दांडा खरा ८ मिलिमीटर. एका पेशंटच्या समोरच्या प्लेटवर तो ९.६ दिसत होता, म्हणजे १.२ पट. मोजलेलं अंतर १४.४, भागून १२. बाजूच्या प्लेटवर मोजलेलं १४.७, ते पण मी १.२ ने भागलं, आलं सव्वाबारा, बेरीज सव्वाचोवीस, पंचवीसच्या आत, हिरवा रंग. पण बाजूच्या प्लेटवर दांडा ८.४ च होता, म्हणजे १.०५ पट. १४.७ भागिले १.०५ म्हणजे १४. बेरीज २६. हिरव्याचा लाल झाला. असे चार पेशंट इकडचे तिकडे गेले.

त्या रात्री मी आणि माझा जेआर वन, दोघांनी मिळून ४३ पेशंटच्या बाजूच्या प्लेट्स परत काढल्या. रेकॉर्ड रूमचे मामा किल्ली घेऊन घरी निघाले होते, त्यांना गेटवर गाठलं. मामा म्हणाले, "मॅडम, एवढं काय मोजताय, पेशंट तर घरी गेले," आणि तरी वडापाव आणून देऊन साडेअकरापर्यंत थांबले.

कॉन्फरन्सच्या आदल्या दिवशीची आणखी एक गोष्ट, ही मात्र प्रत्येकाने करा. एक्स-रेच्या कोपऱ्यात पेशंटचं नाव आणि आयपीडी नंबर असतो. मी सगळ्या स्लाइडवर तो क्रॉप केला होता. माझ्या बॅचमेटने फाइल उघडून एका फोटोवर क्लिक केलं आणि क्रॉप उलटा ओढला, नाव परत हजर! पॉवरपॉइंट कापलेला भाग फेकत नाही, लपवून ठेवतं. पिक्चर कॉम्प्रेस करताना कापलेला भाग डिलीट करण्याचा पर्याय असतो तो निवडावा लागतो, किंवा आधीच बाहेर कापून मग फोटो टाका. केस नंबर १७ च्या काकांना मी कन्सेंटच्या वेळी सांगितलं होतं की फोटो दाखवू पण नाव दिसणार नाही. टॅक्सी चालवायचे ते. म्हणाले होते, "नाव घातलं तरी चालेल डॉक्टर, तेवढंच."

३० नोव्हेंबर २०२४, शनिवार. आदल्या रात्री माझी इमर्जन्सी होती, दोनदा बदलून मागितली पण बदली मिळाली नाही. पहाटे चारला एका मुलाचं कोपराजवळचं फ्रॅक्चर बसवलं, सहाला अंघोळ, साडेसहाची लोकल. अंधेरीच्या त्या हॉटेलात सव्वासातला पोचले. प्रिव्ह्यू रूममध्ये पेनड्राइव्ह द्यायचा असतो, तो आधीच द्या, हॉलमध्ये घेत नाहीत. माझा हॉल "सी", पाटी "बी"ला लावलेली, त्यामुळे पाच मिनिटं मी चुकीच्या हॉलमध्ये खांद्याच्या आर्थ्रोस्कोपीवर मान डोलवत बसले होते. योग्य हॉलमध्ये पोचले तेव्हा तिथे अकरा माणसं होती, त्यातली दोन चेअरपर्सन, एक माइकवाला, आणि सात माझ्यासारखे आपला नंबर येण्याची वाट बघत स्लाइड पुटपुटणारे. उरलेले एक गृहस्थ कोण होते ते शेवटपर्यंत कळलं नाही. बहुतेक एसीसाठी आले असावेत.

बोलले. सहा मिनिटं कधी संपली कळलं नाही. पाचव्या मिनिटाला पिवळा दिवा लागतो आणि आपण तेव्हा जिथे असू तिथून थेट कन्क्लुजनवर यायचं, हे मी मॉकमध्ये केलं होतं म्हणून जमलं. पहिला प्रश्न आला, मॅग्निफिकेशनसाठी व्यास कुठला घेतला, दांड्याचा की थ्रेडचा? त्या स्क्रूचे थ्रेड १२.५ चे असतात आणि दांडा ८ चा, गल्लत झाली तर सगळं चुकतं. मी म्हटलं दांड्याचा, दोन्ही व्ह्यूमध्ये वेगवेगळा. मनातल्या मनात सरांना नमस्कार केला.

मग दुसऱ्या चेअरपर्सन मॅडम, साठीच्या असतील, चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "तुमचा तो बावीसवाला पेशंट. अंतर चांगलं, तरी कट-आउट. का?"

मी म्हटलं हाड ठिसूळ असावं.

"असावं?" मॅडम म्हणाल्या. "फ्रॅक्चरचं रिडक्शन कसं होतं? व्हॅरसमध्ये बसवलं असेल तर स्क्रू कितीही मधोमध टाका. नेक-शाफ्ट अँगल मोजलात?" (रिडक्शन म्हणजे मोडलेले तुकडे जुळवून बसवणं. नेक-शाफ्ट अँगल म्हणजे मांडीच्या हाडाची मान आणि दांडा यातला कोन, आणि तो कमी होऊन हाड वाकडं बसलं की ते व्हॅरस.)

"नाही मॅडम."

"मग मोजा." बस, एवढंच, आणि पुढच्याचं नाव पुकारलं.

खाली येऊन बसले तर हात थंड पडले होते. अपमान वगैरे वाटला नाही, खरं सांगायचं तर लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. त्या काकांचं ते दुसरं ऑपरेशन, स्क्रू काढून सांधा बदलण्याचं, मी स्वतः असिस्ट केलं होतं. तीन महिने ते दुखतंय दुखतंय म्हणत होते. आणि माझ्या शीटमध्ये ते नुसता एक अपवाद म्हणून बसले होते, २२, कट-आउट, होय. एक आकडा चांगला आला म्हणून मी त्यांच्या प्लेटकडे परत नीट बघितलंच नव्हतं. रोज सकाळी आठला तुकडा कुठल्या दिशेला सरकलाय ते सांग म्हणून ओरडून घ्यायचं, आणि थिसिसमध्ये मात्र तेवढंच विसरायचं.

जेवण मात्र उत्तम होतं, दोनदा घेतलं. दुपारी ट्रेड स्टॉलवर प्लास्टिकच्या हाडावर नेल टाकून बघायला देतात ते केलं. प्लास्टिकच्या हाडांवर नीट शिकायचं असेल तर एओचा (फ्रॅक्चरची सर्जरी शिकवणारी संस्था) बेसिक कोर्स करा, महिन्याच्या स्टायपेंडचा चांगलाच लचका तुटतो पण सेकंड इयरच्या आत केला तर वसूल होतो. ड्रिल पलीकडच्या कॉर्टेक्समधून, म्हणजे हाडाच्या कडक भिंतीतून, निसटून किती आत घुसतं ते तिथे मोजून दाखवतात. मला वाटायचं माझा हात हलका आहे. नव्हता.

सोमवारी पहिलं काम म्हणजे केस १७ ची पहिल्या ऑपरेशननंतरची जुनी पीबीएच शोधून काढली, म्हणजे दोन्ही खुब्यांची एकत्र प्लेट. चांगल्या बाजूचा अँगल १३२, ऑपरेशन केलेल्या बाजूचा ११९. तेरा अंशांनी व्हॅरसमध्ये. कोनमापकही लागला नसता, नुसत्या डोळ्याला दिसत होतं. मग सगळ्या ४३ जणांचे अँगल मोजले, थिसिसमध्ये एक तक्ता आणि डिस्कशनमध्ये दीड पान वाढलं. सरांना सांगितलं तर सर म्हणाले, "हे मला पण आधी दिसायला हवं होतं," आणि तेवढं ऐकून मला फार बरं वाटलं. काकांना फोन केला, काय झालं होतं ते सांगितलं. आमच्याकडून हाड थोडं वाकडं बसलं होतं असंच, सोप्या शब्दांत. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आता बरा आहे. पण दुसऱ्याचं नीट बसवा."

थिसिस एप्रिल २०२५ मध्ये जमा केला. त्यासोबत पेपर प्रेझेंट केल्याचं सर्टिफिकेट द्यावं लागलं, त्याच्या तीन प्रती. पीजी सेक्शनच्या खिडकीवर ते दिले तर आतले क्लार्क काका म्हणाले, ओरिजिनल दाखवा. मी म्हटलं, काका, हे मेलवरच पीडीएफ येतं, ओरिजिनल म्हणजे हेच. काकांनी कागद उलटसुलट केला, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "मग यावर एचओडींची सही आणि डिपार्टमेंटचा शिक्का आणा." सर ओटीत होते, डीएचएस चालू होता. मी ओटीचे कपडे घातले, आत जाऊन सी-आर्मच्या स्क्रीनकडे बघत उभी राहिले. सरांनी मान न वळवता विचारलं, "अँगल किती वाटतो?"